गेलेल्या वर्षांचे सुतक

॥ राम कृष्ण हरि ॥

सज्जनहो, परमार्थात वेळेची किंमत मोठी आहे. नरदेह दुर्लभ, त्यात आयुष्य थोडे. त्या थोड्यातले निम्मे झोपेत जाते आणि उरलेल्यातले बरेचसे बालपण, आजारपण व म्हातारपण वाटून घेतात. हा हिशेब कीर्तनकार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांपुढे मांडत आली आहेत. हिशेब खोटा नाही. परंतु ऐकणाऱ्यांत एखादा माणूस असा असतो की, त्याला तो ऐकवावा लागत नाही. त्याने तो रात्ररात्र जागून आधीच मांडलेला असतो. मनाच्या आजाराने ज्याची पाच, सात, दहा वर्षे नेली, आणि आजार उतरल्यावर जो मागे वळून त्या रिकाम्या वर्षांकडे पाहत राहतो, त्याच्यासाठी आजचे हे निरूपण आहे.

या आजाराला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. छापील मराठीत नैराश्य किंवा अवसाद म्हणतात. घरातली माणसे मात्र एवढेच म्हणतात, "त्याचं कशात मन लागत नाही." त्यात दुःखे दोन असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिले दुःख आजाराचे. दुसरे दुःख आजार बरा होऊ लागल्यावर येते. अंगात ताप असतो तेव्हा माणसाला दिवस मोजण्याचे भान नसते, ताप उतरला की तो विचारतो, "आज वार कोणता? किती दिवस गेले?" मनाच्या आजारातून उठलेला माणूसही असाच विचारतो, फक्त त्याला उत्तर दिवसांत मिळत नाही, वर्षांत मिळते. बरे झाल्याचा आनंद व्हावा त्या वेळी तो रडतो, आणि घरच्यांना वाटते, हा पुन्हा आजारी पडला की काय.

वसई तालुक्यातील एका गावी सप्ताह होता. काल्याच्या आदल्या रात्रीचे कीर्तन आटोपले, मंडळी पंगतीला गेली, आणि पंचेचाळिशीचे एक गृहस्थ मंडपात खांबाला टेकून बसून राहिले. आम्ही म्हटले, "माउली, प्रसाद घ्यायचा ना?" ते म्हणाले, "बुवा, एक विचारायचं होतं." मग हळूहळू बोलले. विरारहून रोज लोकलने मुंबईस नोकरीला जात होते. छत्तिसाव्या वर्षी मन बसले, ते सात वर्षे उठले नाही. नोकरी सुटली, फुलांची वाडी भावाने सांभाळली, औषधपाणी उशिरा सुरू झाले. आता दोन वर्षे बरे आहेत, पहाटे उठून वाडीत जातात. "पण सात आषाढ्या गेल्या, बुवा. माळ गळ्यात होती, पण हरिपाठाला तोंड उघडलं नाही. मुलगी दुसरीत होती ती नववीत गेली. मधलं मला नीट आठवतसुद्धा नाही. कीर्तनात नेहमी ऐकतो, आयुष्य वाया घालवणारा आपला आपणच वैरी. मग त्यांत माझी गणती करायची का? ही माळ उतरवून ठेवू का?"

माळ उतरवायची नाही, हे उत्तर आम्ही त्यांना तत्काळ दिले. त्याचे कारण मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे, आणि असा प्रश्न पोटात घेऊन बसलेली माणसे आपल्या दिंड्यांतून पुष्कळ आहेत, म्हणून येथे लिहितो.

कर्ता कोण?

प्रथम व्याकरणाचा विचार करू. पाणिनी महर्षींनी कर्त्याचे लक्षण सांगताना एकच गोष्ट धरली आहे, ती म्हणजे स्वातंत्र्य. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. कुऱ्हाडीने लाकूड तुटते, पण कुऱ्हाड कर्ता नव्हे. कारण उठणे-पडणे तिच्या हाती नाही. आता त्या गृहस्थांचे वाक्य पाहा. "मी सात वर्षे वाया घालवली." वर्षे जाणे वेगळे आणि वर्षे घालवणे वेगळे. 'गेली' म्हटले की गेली, तेथे कोणावर आळ नाही. 'घालवली' म्हटले की घालवणारा कोणी लागतो. जाणूनबुजून, हातपाय मोकळे असताना, दुसरे काही करता येत असताना ज्याने ती जाऊ दिली असा. हे स्वातंत्र्य त्या सात वर्षांत त्यांच्याजवळ होते काय? अंथरुणावरून उठून तोंड धुणे हेसुद्धा ज्याला डोंगर चढण्यासारखे वाटत होते, त्याला कर्त्याच्या जागी बसवणे हे व्याकरणाला मान्य नाही, मग धर्माला कोठून मान्य होईल? खरे वाक्य असे आहे : "आजाराने माझी सात वर्षे नेली." दुःख तेवढेच राहते, पण आळ उतरतो. आणि आळ उतरल्यावाचून दुःखाला औषध लागू पडत नाही.

कोणी म्हणेल, ही शब्दांची कसरत झाली. तसे नाही. योगशास्त्रात पतंजलींनी चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत पहिला व्याधी, दुसरा स्त्यान. पुढे प्रमाद वेगळा आणि आलस्य वेगळे. स्त्यान म्हणजे चित्त कामाला उभेच न राहणे, असे भाष्यकार सांगतात. प्रमाद म्हणजे साधनाकडे दुर्लक्ष करणे. ही सगळी एकच असती तर सूत्रकाराने निरनिराळी नावे कशाला दिली असती? सूत्रात एक अक्षर वाचले तर शास्त्रकारांना पुत्रजन्माचा आनंद होतो असे आमच्या पाठशाळेत सांगत. ते शब्दांची उधळपट्टी करणार नाहीत. या विक्षेपांबरोबर येणाऱ्या गोष्टींतही दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वासाची अस्थिरता अशी गणना आहे. स्त्यान म्हणजे आजच्या डॉक्टरांचे डिप्रेशनच, असा आमचा आग्रह नाही. परंतु चित्त जड होऊन बसणे आणि माणूस आळशी असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढे आपल्या पूर्वजांनी पक्के ओळखले होते. चरकाचार्यांनी तर रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे.

आजचे वैद्यकही तेच सांगते. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन सतत उदास, कशात गोडी नाही, झोप व भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, विचार मंद, आपण कुचकामी व अपराधी आहोत अशी सारखी भावना, कधी मरणाचे विचार, ही या आजाराची लक्षणे होत. यांतले एक लक्षण नीट पाहा : अपराधी वाटणे. ज्याला पाप समजून माणूस रडतो, ते अपराधीपण पुष्कळदा आजाराचेच चिन्ह असते. कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसावे तसे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत प्रौढांपैकी सुमारे वीसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेला आढळला, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. शंभर माणसांची दिंडी धरली तर त्यात असे पाचजण चालत असतील. कायद्यानेही आपली दृष्टी बदलली. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून अमलात आला. जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे त्यात गृहीत धरले जाते, त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घ्यावी असे सांगितले जाते. सरकारी कायद्याला कर्ता कोण हे कळले. आपण तर संतांचे म्हणवतो.

मग संतांनी जे कठोर बोल सांगितले, आयुष्य फुकट दवडणाऱ्याला जे फटकारले, ते कोणाला? ते प्रमाद करणाऱ्याला. ज्याचे डोळे उघडे आहेत, पाय धड आहेत, आणि जो 'उद्या करू, परवा करू' म्हणतो त्याला. वैद्य एकाला लंघन सांगतो आणि दुसऱ्याला बृंहण सांगतो. अजीर्ण झालेल्याचे लंघन जर उपासमार झालेल्याने केले तर तो मरेल. त्यात वैद्याचा दोष नाही, औषध दुसऱ्याचे उचलले गेले एवढेच. आजारातून उठलेल्या माणसाने फटकाऱ्याचे वचन स्वतःला लावून घेऊ नये. त्याच्यासाठी संतांजवळ दुसरे औषध आहे, ते लेकराला जवळ घेण्याचे.

वह्या दोन ठेवाव्यात

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती झाकून चालणार नाही. त्या काळात आपल्या हातून घडलेले सगळेच आजारावर ढकलता येईल काय? पत्नीला टाकून बोललो, भावाचे पैसे उचलले, म्हातारीने बोलावले तरी गेलो नाही, अशी काही टोचणी असते. तिच्यासाठी वही वेगळी ठेवावी. आजाराने नेले ते एका वहीत. आपल्या वागण्याने दुसऱ्याला जे लागले ते दुसऱ्या वहीत. पहिल्या वहीवर पश्चात्ताप चालत नाही, कारण तेथे आपण कर्ता नाही. दुसऱ्या वहीत दोष कमी असेल की अधिक, याची मोजदाद करीत बसू नये, ज्याला लागले त्याच्याकडे जावे आणि साध्या शब्दांत म्हणावे, "त्या दिवसांत तुला माझा त्रास झाला. मला त्याचे वाईट वाटते." पैसे असतील तर हप्त्याने फेडावे. याला अनुताप म्हणतात. अनुतापाचे लक्षण हे की, तो माणसाला उठवून कोणाच्या तरी दारी नेतो. खंतीचे लक्षण हे की, ती माणसाला बसल्या जागी कुरतडते आणि कोणाचेच काही फेडत नाही. अनुताप ठेवावा, खंत सोडावी. दोन्ही वह्यांची पाने एकत्र शिवली गेली म्हणूनच माणूस कोसळतो.

शास्त्रातील दाखले

गीतेचा पहिला अध्याय विषादाचा आहे. धनुष्य गळून पडलेले, अंग कापणारे, तोंड कोरडे, मन भ्रमणारे, अशा अर्जुनाचे तेथे वर्णन आहे. आणि त्या अध्यायालाही परंपरेने योग हेच नाव दिले. भगवंतांनी आरंभी दोन कडक शब्द बोलून पाहिले; पण तेवढ्याने अर्जुन उठला नाही, तेव्हा ते थांबले आणि पुढे अठराव्या अध्यायापर्यंत समजावीत राहिले. दोन सैन्ये ताटकळत होती, तरी "तू इतका वेळ घालवलास" असे त्यांनी एकदाही म्हटले नाही.

श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधात व्यास महर्षींची हकीकत आहे. वेदांचे विभाग केले, भारत रचले, तरी सरस्वतीच्या तीरी ते खिन्न होऊन बसले. आपले काय चुकले ते त्यांनाही उमगेना. नारद आले, त्यांनी पुढचे काम दाखवले, आणि त्यातून भागवत जन्मास आले. खिन्नता ज्ञानी माणसालाही येते, आणि तिच्यातून बाहेर येण्यासाठी त्यालाही दुसऱ्या कोणाचे तरी येणे लागते, हे दोन धडे येथून घ्यावेत.

तिसरा दाखला खट्वांग राजाचा. देवांच्या बाजूने लढता लढता त्याने आपले आयुष्य किती उरले ते विचारले, तर एकच मुहूर्त उरलेला. मुहूर्त म्हणजे दोन घटका, आपल्या घड्याळाची अठ्ठेचाळीस मिनिटे. तो परत आला आणि तेवढ्या वेळात त्याने हरीच्या ठायी मन ठेवले. सात दिवस उरलेल्या परीक्षितीला शुकाचार्यांनी हे उदाहरण मुद्दाम सांगितले. पण याचा उलटा अर्थ करून घेऊ नये. बरे झालेली माणसे कधी कधी "गेलेली वर्षे भरून काढतो" म्हणून कंबर कसतात. रात्रभर पारायण, दिवसभर काम, एकादशीला निर्जळी, झोप चार तास. महिन्याभरात पुन्हा अंथरूण. खट्वांगाने उरलेल्या मुहूर्तात मागची वर्षे भरून काढण्याचा उद्योग केला नाही. त्याने त्या मुहूर्ताचा मुहूर्तच केला. गेलेला काळ हे कर्ज नव्हे की व्याजासह फेडावे लागेल. त्याचा सावकार कोणी नाही. विरारच्या फलाटावर एक गाडी चुकली तर माणूस पुढच्या गाडीत चढतो. चुकलेल्या गाडीमागे रुळांवरून धावत नाही.

तुकोबारायांची ती वर्षे

आपल्या संप्रदायातला दाखला तर घरचाच आहे. इ. स. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबाराय तेव्हा ऐन तारुण्यात होते. आईवडील आधीच गेले होते, थोरले बंधू सावजी घर सोडून तीर्थाटनास निघून गेले होते. दुष्काळात थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, गुरे गेली, वाण्याचा व्यवहार बुडाला, गावात तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली. मनाला उबग आला आणि ते डोंगरावर एकांतात जाऊन बसले. आजच्या वैद्यकातले नाव त्यांच्या त्या अवस्थेला आम्ही देणार नाही. तो आमचा अधिकार नाही. परंतु दुःखाने खचणे, संसारातून मन उठणे, लोकांची लाज वाटणे या गोष्टी त्यांनी स्वतः लपवलेल्या नाहीत. संतमंडळींनी विचारले तेव्हा त्यांनी आपली हकीकत अभंगातच सांगितली आहे.

ती हकीकत वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली ही की, त्या वर्षांविषयी त्यांनी एका शब्दानेही स्वतःला शिव्याशाप दिलेले नाहीत. धंदा बुडाला तो बुडाला, बायको गेली ती गेली, लाज वाटली ती वाटली. जसे घडले तसे सांगितले आणि पुढे निघाले. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. उठल्यावर त्यांनी एकदम मोठे काही हाती घेतले नाही. पूर्वजांचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त करावेसे त्यांच्या मनाने घेतले. एकादशीला कीर्तन करू लागले, पण आरंभी अभ्यासात चित्त नव्हते हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. संतांची काही वचने पाठ केली. आणि दुसरे कोणी पुढे गात असत, त्यांच्या मागे उभे राहून त्यांनी ध्रुपद धरले. पुढे लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या कागदांतले आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले, धाकट्या कान्होबाच्या वाट्याचे त्याला दिले, अशी हकीकत परंपरेने सांगतात.

तुकोबांसारख्यांनी मागे उभे राहून ध्रुपद धरले! नवा अभंग सुचावा, चाल बसावी, लोकांपुढे उभे राहावे, यांतले काही लागले नाही. दुसऱ्याने म्हटलेली ओळ आपण पुन्हा म्हणायची, एवढेच. ज्याचे चित्त अजून पुरते उभे राहिले नाही, त्याच्यासाठी याहून सोपे आणि खरे साधन नाही. शके १५७१ मध्ये, म्हणजे इ. स. १६५० च्या आरंभी, तुकोबाराय वैकुंठास गेले. दुष्काळापासून मोजले तर वीसएक वर्षे भरतात. सरकारी गाथेतले साडेचार हजारांवर अभंग मुख्यतः त्याच काळातले. प्रत्येकाच्या हातून गाथा होईल असे नाही, आणि होण्याची गरजही नाही. पण खचलेल्या वर्षांनंतर उरलेले आयुष्य म्हणजे उष्टे-शिळे, असे ज्याला वाटते त्याने देहूकडे पाहावे.

चुकलेल्या वाऱ्या

आता वारीचे. "सात आषाढ्या चुकल्या" हे त्या गृहस्थांचे मोठे शल्य होते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या गाडीत बसून मोजक्या मंडळींबरोबर पंढरीस गेल्या. लाखो वारकरी घरी राहिले. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वारी चुकली नव्हती तेही घरीच राहिले. २०२२ साली पुन्हा पायी वारी निघाली, तेव्हा "दोन वर्षे का आला नाहीत?" असे कोणत्या विणेकऱ्याने कोणास विचारले? कोणी माळा उतरवल्या? वाट बंद होती, हे सगळ्यांना दिसत होते. या गृहस्थांची वाट सात वर्षे आतून बंद होती. ती कोणाला दिसत नव्हती, एवढाच काय तो फरक. पांडुरंगाला बाहेरची बंद वाट दिसते आणि आतली दिसत नाही, असे म्हणायचे काय?

शोक करू नये काय?

कोणी म्हणेल, मग या माणसाने रडूच नये काय? रडावे. मुलीची दुसरी ते नववी परत येणार नाही. ती हानी खरी आहे, आणि खऱ्या हानीला शास्त्राने शोक नाकारलेला नाही. पण शास्त्राने शोकाला मर्यादाही घातली. घरातले माणूस गेले तर सुतक दहा दिवसांचे. पुढे तेराव्या-चौदाव्याला गोड जेवण करतात, शेजारीपाजारी येऊन घरच्यांना घास घ्यायला लावतात. दुःख संपले म्हणून नव्हे. चूल पेटली पाहिजे म्हणून. गेलेल्या वर्षांचेही असे सुतक पाळावे. एखाद्या विश्वासाच्या माणसाजवळ सगळे बोलावे, काय काय गेले ते नाव घेऊन सांगावे, रडावे, आणि मग आंघोळ करून चुलीशी यावे. ज्या घरात सुतक वर्षानुवर्षे फिटत नाही त्या घरात देवपूजाही होत नाही आणि पाहुणाही जेवत नाही.

आपल्या वसईच्या वाड्यांतून बावखले आहेत, ती सर्वांनी पाहिली असतील. गोड्या पाण्याचे ते लहान तलाव. त्यांवर केळी, पानवेली, फुलझाडे जगली. काही बावखले बुजली, काहींत वर्षानुवर्षे पालापाचोळा व गाळ साचला, आणि लोकांना वाटले की पाणी आटले. पुढे जिथे तरुण पोरांनी घमेली घेऊन गाळ उपसला, तिथे पाणी पुन्हा दिसले; झरे खालीच होते. काढलेला गाळही फेकून देत नाहीत, तो झाडांच्या बुंध्याशी घालतात. गाळाची वर्षे चांगली होती असे कोणी म्हणणार नाही. पण जो स्वतः त्यातून गेला, त्याला दुसऱ्याचे बसलेले मन ओळखता येते, आणि "ऊठ, आळस टाक" असे तो कधीही म्हणत नाही. हे ज्ञान पोथीत मिळत नाही.

साधन

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो.

१. औषध सोडू नये. माळ घातली, आता गोळी कशाला, असे म्हणणारे भेटतात; त्यांचे ऐकू नये. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले तरी ती आपल्या मनाने बंद करायची नसतात. डॉक्टर सांगतील तशीच कमी करावीत. उपवास करायचा तोही त्यांना विचारून. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे आहे. तेथे जाण्यात लाज नाही. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचा विचार आला तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला घरच्या माणसाला उठवावे किंवा हा क्रमांक फिरवावा.

२. वाक्य दुरुस्त करावे. "मी घालवली" असे मनात आले की "आजाराने नेली" असे म्हणावे. पहिल्या दिवशी पटणार नाही. अभ्यासाने पटते.

३. नेम लहान धरावा. संपूर्ण हरिपाठ जमला नाही तर एक अभंग; तोही जमला नाही तर भजनात मागे बसून फक्त ध्रुपद. नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, तेवढाच करावा.

४. झोप, जेवण आणि अंगमेहनत यांना वेळ बांधावी. पहाटे उठणे उत्तम, पण त्यासाठी रात्री वेळेवर निजणे आले.

५. मुलांच्या बाबतीत गेलेली वर्षे मागू नयेत. नववीतल्या मुलीला दुसरीतल्या मुलीसारखे कडेवर घेता येत नाही. तिला आज काय हवे ते पाहावे. तिच्याबरोबर बसून जेवावे, ती बोलेल ते ऐकावे. तिने रागाने विचारले, "तेव्हा कुठे होता?" तर खरे सांगावे, "आजारी होतो गं. तुला एकटं वाटलं असेल."

६. हे शेवटचे दिंडीतल्या मंडळींसाठी. पुष्कळ दिवसांनी कोणी आला तर "इतकी वर्षे कुठे होता?" असे पंगतीत विचारू नये. "या माउली" म्हणावे, टाळ हातात द्यावा आणि शेजारी जागा करावी.

शंकासमाधान

शंका अशी येते की, हा प्रारब्धाचा भोग नव्हे काय? असेल. पण मलेरियाने फणफणलेल्याला आपण प्रारब्ध सांगत बसत नाही. पांघरूण घालतो आणि डॉक्टरला बोलावतो. प्रारब्धाचा सिद्धांत स्वतःचे दुःख सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याला मारण्याची ती काठी नव्हे. दुसरी शंका, नाम घेणाऱ्याला असे का व्हावे? नाम घेणाऱ्याचा पाय मोडतो, त्याला ताप येतो. मन हेही देहाबरोबरचे इंद्रियच आहे, तेही आजारी पडते. तिसरी शंका, त्या वर्षांत नाम झाले नाही, त्याचे काय? लेकरू तापात आईला हाक मारीत नाही, म्हणून आई उठून जात नाही. उलट त्या रात्री ती जास्त जवळ बसते.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच विचारले होते, "सात वर्षांत माळ गळ्यातून काढली होती काय?" ते म्हणाले, "नाही, ती राहिली होती." आम्ही म्हटले, "तुम्हाला धरवत नव्हते तेव्हा तिने तुम्हाला धरून ठेवले. आता ती कशाला उतरवता? चला, पान वाढलंय."

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत माउलींचा सोहळा असतो, आणि त्याच दिवशी आपल्या निर्मळची जत्रा सुरू होते. ज्याला आळंदी जमेल त्याने आळंदीस जावे, ज्याला निर्मळ जमेल त्याने निर्मळास जावे, आणि ज्याला घराचा उंबरा ओलांडणेच अजून जड जाते त्याने घरी दिवा लावून बसावे. तिन्ही ठिकाणी एकादशी एकच आहे. मागच्या एकादशांचा हिशेब त्या दिवशी कोणीही मागणार नाही.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!